मुलाखतीला जाताना

महाविद्यालयीन प्रवेशाच्या मुलाखतीचे पत्र हाती पडले की उमेदवाराच्या मनात सर्वप्रथम उभा राहणारा प्रश्न बहुधा अभ्यासाचा नसतो. ‘घालायचे काय?’ हा तो प्रश्न असतो. घरातील इतर मंडळी त्यावर हसतात, मित्र थट्टा करतात, आणि उमेदवारालाही तो उघडपणे विचारण्याचा संकोच वाटतो. वास्तविक या प्रश्नात हसण्यासारखे काही नाही. काही घरांत त्याचे उत्तर कपाटात टांगलेलेच असते. वडील कचेरीत जाणारे असतात, थोरल्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी अशीच मुलाखत दिलेली असते. काय घालावे, कसे बसावे, प्रश्न कळला नाही तर काय म्हणावे, हे सारे जेवताना सहज कानावर पडलेले असते. दुसऱ्या काही घरांत मात्र अशा टेबलासमोर आजवर कोणी बसलेलेच नसते. तेथल्या उमेदवाराला सल्ला मिळतो तो एवढाच, की ‘नीटनेटके होऊन जा’. ज्याला नीटनेटके म्हणजे काय हे आधीच ठाऊक आहे, त्यालाच या सल्ल्याचा अर्थ कळतो.

‘कपड्यांत काय आहे? अंगचे गुण महत्त्वाचे,’ असेही पुष्कळदा सांगितले जाते. हेतू चांगला असला तरी हे अर्धे सत्य आहे. मुलाखत घेणारी माणसे उमेदवाराचे बोलणे ऐकण्याआधी त्याला पाहतात, आणि पाहिल्यावर मनात काहीतरी मत बनते, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. कपड्यांना महत्त्व नाही असे ठासून सांगणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्या वाटेत कपडे कधी आडवे आलेले नाहीत. म्हणून ज्या उमेदवाराजवळ घरचा वारसा नाही, त्याला हे अलिखित नियम लपवून न ठेवता स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजेत. ते सांगितले म्हणजे लक्षात येते की ते फार थोडे आहेत आणि फार खर्चाचेही नाहीत.

आज प्रत्येक अभ्यासक्रमाला मुलाखत असते असे नाही. बहुतेक साध्या पदवी अभ्यासक्रमांना गुणांवर किंवा सामायिक परीक्षेवर प्रवेश मिळतो. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातील मुलाखत अनेक वर्षे प्रसिद्ध होती. परंतु दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाल्यावर, अल्पसंख्याकांसाठी नसलेल्या जागांकरिता मुलाखतीचे गुण धरता येणार नाहीत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. तरीही व्यवस्थापन, चित्रपट, नाट्य यांसारख्या क्षेत्रांच्या नामवंत संस्थांत उमेदवाराला समोर बसवून पारखण्याची पद्धत टिकून आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तर लेखी परीक्षेला ९०० आणि पुढच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींना ९०० असे गुण आहेत. तेथे निम्मा निकाल समोरासमोरच्या परीक्षणावर ठरतो. तेव्हा या गोष्टीचा विचार करणे सर्वस्वी गरजेचे आहे.

पोशाखाच्या बाबतीत १८८८ या एकाच वर्षातील दोन घटना ध्यानात घेण्यासारख्या आहेत. त्या वर्षी मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेला. त्याला अजून एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बोटीतून उतरताना पांढरे कपडे शोभून दिसतील अशा समजुतीने त्याने पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख मुद्दाम राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आला होता, आणि किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत दुसरे कोणीच नव्हते. सामान आणि किल्ल्या वाहतूक कंपनीच्या ताब्यात, त्यात दुसरा दिवस रविवारचा. त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय राहिली नाही. त्या अवघडलेपणाचे वर्णन गांधीजींनी आपल्या आत्मकथेत केले आहे. पुढे काही काळ त्यांनी उंच हॅट, महागडा सूट, नृत्याचे आणि व्हायोलिनचे धडे असा ‘सभ्य गृहस्थ’ होण्याचा खटाटोप केला आणि सुमारे तीन महिन्यांत तो सोडूनही दिला. त्याच १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या राजपुत्राच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. उंची वस्त्रे आणि दागिने ल्यालेल्या निमंत्रितांमध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि खरा हिंदुस्थान खेड्यांत राहतो, तेथील रयतेला शिक्षणाची गरज आहे, हे त्यांनी राजपुत्राला सुनावले.

वरवर पाहता दोघेही चारचौघांपेक्षा वेगळ्या कपड्यांत होते. एकाला त्या वेगळेपणाने संकोच झाला, दुसऱ्याने त्या वेगळेपणाचे बळ केले. विद्यार्थी गांधींना तिथली रीत ठाऊक नव्हती. जोतीरावांना ती पुरेपूर ठाऊक होती आणि ती का मोडायची हेही ठाऊक होते. शिवाय त्यांच्या वेषाचा त्यांच्या बोलण्याशी संबंध होता. मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराने रीत पाळावी की मोडावी हा पुढचा प्रश्न; आधी ती माहीत असली पाहिजे.

ही रीत अगदी साधी आहे. कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला बेताचे बसणारे आणि पूर्वी चारदोनदा घातलेले असावेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची असून तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. मुलाखतीसाठी म्हणून नवा कोरा शर्ट घेतला जातो. त्याची कॉलर मानेला टोचते आणि उमेदवाराचे निम्मे लक्ष तिकडे राहते. नवे बूट पायाला चावतात. शेजाऱ्याचा उसना कोट खांद्यावर ढगळ होतो, आणि उसनेपणा समोरच्याला दिसण्याआधी घालणाऱ्यालाच जाणवत राहतो. पुरुषाला साधी पँट आणि फिक्या रंगाचा शर्ट पुरतो. टाय आणि कोट सहसा लागत नाहीत, आणि जेथे लागतात तेथे तसे आधी कळवलेले असते. स्त्रीने रोज वापरातील सुती साडी किंवा सलवार-कमीज घालावी. पदर किंवा ओढणी पिनेने नीट बसवलेली असली म्हणजे दर मिनिटाला ती सावरावी लागत नाही. चपला चालतात, फक्त त्या पुसलेल्या असाव्यात आणि पट्टा तुटायला आलेला नसावा. कुंकू, मंगळसूत्र, पगडी, हिजाब, गळ्यातील क्रूस ही ज्याच्या-त्याच्या जगण्याची खूण आहे. मुलाखतीसाठी ती लपवण्याचे कारण नाही. चांगल्या पोशाखाची खूण अशी की पहिल्या दोन मिनिटांनंतर तो घालणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि पाहणाऱ्याच्याही.

प्रवेशाचे दिवस बहुतेक उन्हाळ्याचे किंवा पावसाळ्याचे असतात, ही गोष्ट पोशाखाच्या पुस्तकी सल्ल्यांत सहसा नसते. दोन बसगाड्या बदलून, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्या माणसाची इस्त्री दाराशी पोहोचेपर्यंत मोडलेली असते. तेव्हा तासभर आधी पोहोचणे, तोंडावर पाणी मारणे, केस विंचरणे, चपलांचा चिखल पुसणे, ओली छत्री बाहेर ठेवणे आणि दहा मिनिटे शांत बसणे, याचा उपयोग महागड्या शर्टापेक्षा अधिक होतो. तंबाखू-गुटख्याचा वास मात्र पाण्याने जात नाही. निदान त्या दिवशी तरी त्यापासून दूर राहावे. भडक अत्तराचेही तसेच.

मुलाखत संगणकावरून किंवा मोबाइलवरून होणार असेल, तर पोशाखाची चिंता कमी आणि जागेची अधिक होते. एका खोलीच्या घरात कुकरची शिट्टी वाजणार, लहान मूल रडणार. अशा वेळी शेजाऱ्याची खोली, गावातील वाचनालय किंवा अभ्यासकेंद्राची जागा तासाभरासाठी मागून घेण्यात कमीपणा नाही. उजेड चेहऱ्यावर पडावा, पाठीमागून नव्हे, आणि मोबाइल हातात न धरता कशाला तरी टेकून ठेवावा, एवढे पुष्कळ आहे.

कपड्यांइतकीच कागदपत्रांचीही निगा लागते. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या प्रती, छायाचित्रे हे सारे क्रमाने एका फाइलमध्ये असावे. पावसाळ्यात फाइलवर प्लॅस्टिकची पिशवी असावी. प्रौढ वयात परीक्षा देणाऱ्या स्त्रियांपुढे एक अडचण हमखास येते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, ओळखपत्रावर सासरचे. हा मेळ घालणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचे राजपत्र, आधीच मिळवून ठेवावा. मुलाखतीच्या दारात लिपिकाशी त्यावरून वाद होऊन आत जाणारी स्त्री आधीच अर्धी हरलेली असते.

खोलीत वागायचे कसे, याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विचारून आत जावे, नमस्कार करावा, बसायला सांगितल्यावर बसावे, जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावे, येत नसेल ते ‘मला हे माहीत नाही’ असे सरळ सांगावे. कोणाच्या पाया पडण्याची आवश्यकता नाही. आदर आणि लाचारी यांतला फरक समोरच्यांनाही कळतो. मोबाइल बंद असावा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे हात कोठे ठेवावेत, किती हसावे, यांवर शिकवणी वर्गांत खूप वेळ जातो. तो वेळ पुढच्या एका प्रश्नावर घालवला तर अधिक लाभ होईल.

तो प्रश्न म्हणजे ‘मधली वर्षे काय केले?’ नियमित शाळेतून सतराव्या-अठराव्या वर्षी आलेल्या उमेदवाराला हा प्रश्न येत नाही. मुक्त विद्यालयातून पंचविसाव्या, पस्तिसाव्या वर्षी बारावी झालेल्याला तो येणारच. बहुसंख्य उमेदवार त्याला उत्तर देताना खाली पाहतात. ‘घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सुटले,’ असे एक वाक्य म्हणतात आणि गप्प होतात. हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून काहीच कळत नाही. लाखो माणसांना ते सारखेच लागू पडते. स्त्रियांचे उत्तर याहून त्रोटक असते: ‘घरीच होते.’ या दोन शब्दांनी दहा-बारा वर्षे पुसली जातात.

समजा, एखाद्या स्त्रीने त्या वर्षांत वीस माणसांचे जेवणाचे डबे पुरवले आहेत. रोज पहाटे उठून भाजीचा अंदाज घेणे, महिन्याच्या शेवटी थकलेले पैसे गोड बोलून वसूल करणे, गॅसचा आणि तेलाचा भाव वाढला की डब्याचा दर किती वाढवला तर गिऱ्हाईक टिकेल याचा हिशेब करणे, हे सारे तिने केलेले आहे. व्यवस्थापनाच्या किंवा आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमात याच गोष्टी जड शब्दांत शिकवल्या जातात. हातमागावर, गॅरेजमध्ये, शेतात, बांधकामावर काम केलेल्या प्रत्येकाजवळ असे काहीतरी असते. ते सांगण्यासाठी अलंकारिक भाषा लागत नाही; किती डबे, किती वर्षे, काय अडले, त्यातून कसा मार्ग काढला, एवढे नेमके सांगितले की ऐकणारा पुढे झुकून दुसरा प्रश्न विचारतो. आणि तो दुसरा प्रश्न उमेदवाराच्या ओळखीच्या प्रदेशातला असतो. दु:खाची कहाणी सांगून सहानुभूती मिळवण्याचा मोह मात्र टाळावा. सहानुभूतीने पाण्याचा पेला मिळतो, जागा मिळत नाही.

मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राबद्दलही मनात न्यूनगंड असतो. तो अज्ञानातून येतो, आणि हे अज्ञान कधीकधी अधिकारी मंडळींतही असते. २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या माहितीपत्रकात मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना अपात्र ठरवले गेले होते. विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती अट रद्द केली. ‘हे रेग्युलर नाही का?’ असे कोणी मुलाखतीत विचारलेच, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे केंद्र सरकारने स्थापन केलेले परीक्षा मंडळ आहे, एवढे शांतपणे सांगणे पुरेसे आहे. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही आणि क्षमाही मागावी लागत नाही.

भाषेची भीती ही दुसरी मोठी अडचण. घरी मराठी, बाजारात हिंदी किंवा गुजराती किंवा कन्नड, आणि मुलाखतीत इंग्रजी, अशी स्थिती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. तरी इंग्रजीपुढे जीभ अडखळते. यावर उपाय म्हणून ‘मायसेल्फ अमुक अमुक’ पासून सुरू होणारे पाठ केलेले निवेदन वर्गांतून विकले जाते. त्याचा तोटा असा की पहिला प्रश्न निवेदनाबाहेरचा आला की सारा डोलारा कोसळतो. त्यापेक्षा, ‘प्रश्न मला समजला आहे, उत्तर हिंदीत दिले तर चालेल का?’ असे विचारणारा उमेदवार अधिक समजूतदार ठरतो. परवानगी मिळाली नाही तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण स्वत:चे वाक्य बोलावे. आवडीनिवडींचेही असेच. ‘वाचन’ हा छंद म्हणून सर्वांत जास्त सांगितला जातो, आणि ‘शेवटचे पुस्तक कोणते वाचले?’ या साध्या प्रश्नावर सर्वांत जास्त फसतो. रेडिओ दुरुस्त करणे किंवा भजनात तबला धरणे खरे असेल तर तेच सांगावे.

आतापर्यंत सारी जबाबदारी उमेदवारावर टाकली गेली. ती एवढ्यावरच थांबली तर अन्याय होईल, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही काही कर्तव्य असते. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या १९७९-८० च्या प्रवेशांबद्दलचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. प्रत्येक मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटांत उरकली, तीत आईवडील कोण आणि राहणे कोठे असेच प्रश्न विचारले गेले, आणि लेखी परीक्षेत बरेच मागे असलेले काही उमेदवार मुलाखतीच्या गुणांवर पुढे गेले, अशी तक्रार होती. अजय हासिया खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९८० च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल लिहिला. एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीपणाचे आहे, अशा प्रवेशांत हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक नसावे, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या जाव्यात हे इष्ट, असे त्यात म्हटले आहे. दोन मिनिटांत दिसतात ते कपडे, उच्चार आणि आडनाव. तेवढ्यावर माणूस पारखणे हा उमेदवाराचा दोष नव्हे.

आजही ‘लग्न झाले आहे का, मुले कोण सांभाळणार?’ असे प्रश्न स्त्रियांना विचारले जातात. पुरुषांना ते सहसा विचारले जात नाहीत. त्यावर संतापून उठून जाणे किंवा ओशाळून सगळी घरची माहिती देणे, दोन्ही टाळता येते. ‘त्याची व्यवस्था मी केली आहे, अभ्यासाला अडचण येणार नाही,’ एवढे उत्तर पुरे. असा प्रश्न विचारणाऱ्याला त्यातून त्याची जागाही कळते.

संस्थांना करता येण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. मुलाखतीच्या पत्रात आज तारीख, वेळ आणि कागदपत्रांची यादी असते. त्याखाली आणखी तीन ओळी छापाव्यात: रोजच्या वापरातील स्वच्छ कपडे पुरेसे आहेत, उत्तरे अमुक भाषांत देता येतील, मुलाखत साधारण इतकी मिनिटे चालेल आणि तिला एकूण गुणांपैकी इतके गुण आहेत. ज्यांच्या घरी हे आधीपासून माहीत आहे त्यांचे त्यात काही जाणार नाही. ज्याच्या घरी पहिल्यांदाच असे पत्र येते आहे, तो शेजाऱ्याकडे कोट मागायला जाण्याऐवजी ती संध्याकाळ आपण आजवर काय केले हे एका कागदावर लिहून काढण्यात घालवू शकेल.